४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

ताई, नववीतली नात एका संख्येच्या एवढी मागे लागली हे वाचून फार आनंद झाला. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की त्या मिळतात. मग ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ हीसुद्धा मूळच असणार, असं तिला वाटतं. १६४० मध्ये गणितज्ञ फर्मालाही असंच वाटलं होतं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने विभाजक शोधून दिला: ६४१ × ६७,००,४१७.

वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, हे इंदूरच्या शिकवणीत तिला सांगितलं ते बरोबरच आहे. पण इथे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे जातं आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत! म्हणून आधी एक विचार करायचा. एखादी मूळ संख्या, तिला प म्हणू, आपल्या ४,२९,४९,६७,२९७ ला निःशेष भागत असेल, तर प ने भागताना २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), ६४ व्याची १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पावलांचं, आणि या चक्राची लांबी प−१ ला भागतेच. हा नियम फर्माचाच. तेव्हा प हा ६४ च्या पटीत १ मिळवूनच मिळणार. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. पुढे १८७८ मध्ये गणितज्ञ ल्यूकाने ६४ च्या जागी १२८ चालतं हे दाखवलं, मग २५७ आणि ६४१ एवढ्याच उरतात.

मला यातलं सर्वांत आवडतं ते भागाकाराशिवायचं उत्तर. रामबागेतल्या आमच्या शनिवारच्या वर्गात ते फळ्यावर मांडलं की मुलं लिहायची थांबून नुसती बघत राहतात. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × २⁷ ची बाकी −१. चौथा घात घ्या: ५⁴ × २²⁸ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणून ५⁴ च्या जागी −२⁴ घालता येतो. मग −२³² ची बाकी १, म्हणजे २³² + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. वहीत एकदा स्वतःच्या हाताने लिहायला सांगा तिला.

६७,००,४१७ मूळ आहे का, हेही ती विचारेलच. आहे. या संख्येच्या विभाजकांनाही तोच १२८ चा नियम लागू, वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, म्हणून २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढे पाचच भागाकार. एकही निःशेष जात नाही.

ओळीतली पुढची संख्या २⁶⁴ + १. तिचा लहान विभाजक २,७४,१७७, तो गणितज्ञ लांद्रीने १८८० मध्ये प्रसिद्ध केला, पण क्लाउसेन या गणितज्ञाला तो १८५५ मध्येच सापडला होता. या २,७४,१७७ मधून १ वजा करून २५६ ने भागायला नातीला सांगा आणि काय येतं ते इथे नक्की लिहा.