सिंगापूरला जातेयस तर पोटाचं प्लॅनिंग असं कर

अगं,

तुझी ती सेव्ह केलेल्या कॅफेंची लिस्ट बघितली. स्क्रोल करून करून अंगठा दुखला. पाच दिवसांत एवढ्या ठिकाणी जायचं म्हणजे भूक लागायला तरी वेळ मिळणार आहे का तुला? आणि खरं सांगू, त्यातली अर्धी ठिकाणं उचलून हिरानंदानी मेडोजला आणून ठेवली तरी कुणाला कळणार नाही, तेच पांढरे कप, त्याच कुंड्या, तोच फ्लॅट व्हाइट. माझं म्हणणं एवढंच की दिवसाला एक कॅफे, बास. बाकीचं खाणं हॉकर सेंटर आणि कोपीटियाममध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या धाटणीच्या कॉफीच्या दुकानांत.

हॉकर सेंटर म्हणजे मॉलमधलं फूड कोर्ट समजू नकोस. पूर्वी तिथेही आपल्यासारखे फुटपाथवर गाडे असायचे, सरकारने १९७० च्या दशकात त्यांना मोठ्या प्रमाणावर उचलून पाणी आणि ड्रेनेजची सोय असलेल्या छपराखाली बसवलं. आता अशी शंभराहून जास्त सेंटर्स आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला आपल्या यादीत घेतलं. एकेका स्टॉलवर माणूस वर्षानुवर्षं एक-दोनच पदार्थ करत असतो, त्यामुळे हात बसलेला असतो. २०१६ ला अशा दोन स्टॉलना मिशेलिन स्टार मिळाला, तेव्हापासून मोबाईल हातात धरून उभ्या असलेल्यांच्या रांगा लागतात. तू त्या रांगेत तासभर उभी राहू नकोस. बाजूच्या स्टॉलसमोर ऑफिसचं आयकार्ड गळ्यात घातलेले लोक आणि पिशवी घेतलेल्या आज्या उभ्या असतील, तिथे उभी राहा.

जेवायच्या वेळी मोकळ्या टेबलावर टिश्यूचं पाकीट किंवा छत्री दिसली तर तिथे बसायचं नाही. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. त्याला चोप करणं म्हणतात, तूही कर, आधी जागा मग रांग. आणि खाऊन झालं की ट्रे उचलून रॅकवर नेऊन ठेवायचा, २०२१ पासून हे सक्तीचं आहे, पहिल्यांदा समज देतात, पुन्हा सापडलीस तर ३०० डॉलर दंड. हलाल आणि बाकीच्या ट्रेचे रॅक वेगवेगळे असतात, वरची पाटी वाचून ठेव.

आता कॉफी. तिथली कोपी म्हणजे रोबस्टा बिया साखर आणि मार्गारीन घालून भाजलेल्या, काळीकुट्ट, कापडी पिशवीतून गाळलेली. नुसतं कोपी म्हणालीस तर कंडेन्स्ड मिल्क घालून येते, चांगलीच गोड. कोपी ओ म्हणजे बिनदुधाची पण साखर असते, कोपी सी म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्कची. साखर कमी हवी तर मागे सिऊ दाई लाव, अजिबात नको तर कोसोंग, कडक हवी तर गाओ, बर्फ हवा तर पेंग. तुला आवडेल ती माझ्या मते कोपी सी कोसोंग, गाओ जोडलंस तर अजून छान. चहाला तेह, बाकी सगळं तसंच. काउंटरवरच्या माणसाला अंकल म्हण, बाईला आंटी, तिथे सगळे तेच म्हणतात, त्यामुळे आपल्याला काही वेगळं शिकावं लागत नाही. सोबत काया टोस्ट घे, नारळाचं दूध, अंडी आणि साखरेचा जाम, आत गार बटरचा जाड तुकडा. त्याबरोबर येणारी अंडी अर्धी कच्चीच असतात, वर सोया सॉस आणि पांढरी मिरी घालून ढवळायची. दिसायला कसंतरीच वाटतं, पण एकदा खाऊन बघ.

वेळेचं एक लक्षात ठेव, तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथले सकाळचे आठ म्हणजे ठाण्यातले साडेपाच, त्यामुळे पहिल्या दिवशी झोप काढून आरामात अकराला खाली उतरलीस तर नाश्त्याचे बरेच स्टॉल आवरायला लागलेले असतील. आठवड्याची सुट्टीही प्रत्येक स्टॉलची वेगळी, म्हणून एकाच स्टॉलसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं नाही.

कॅफेसाठी तिओंग बारूला जा. १९३० च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या बुटक्या इमारती, खाली छोटी दुकानं. आधी तिथल्या मार्केटच्या वरच्या मजल्यावर च्वी क्वे खा, तांदळाच्या वाफवलेल्या वाट्या, वर परतलेला खारवलेला मुळा, आणि मग कॅफेत जाऊन निवांत बस, पुस्तक काढ, फोटो काढून पळू नकोस. कॅफे किंवा रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २० डॉलरची डिश २३.९८ ला पडते. वर टिप द्यायची गरज नाही. टेबलावर न मागता शेंगदाणे किंवा ओले टिश्यू आले तर बहुतेक वेळा ते बिलात येतात, नको असतील तर लगेच परत कर.

तुझी मैत्रीण शुद्ध शाकाहारी आहे ना, तिला सांग की नुसतं नो मीट म्हणून भागत नाही, सांबाल चटणीत सुकी कोळंबी कुटलेली असते, भाजीत ऑयस्टर सॉस पडतो. कॅरट केकमध्ये तर गाजरच नसतं, मुळा आणि अंडं असतं. बौद्ध शाकाहारी स्टॉल बऱ्याच सेंटर्समध्ये सापडतात, अंड्याचं तेवढं तिथेही वेगळं विचारायचं. लिटल इंडियात १९४७ पासूनचं कोमला विलास आहेच, पण रोज डोसाच खायचा तर इथे राम मारुती रोडवर काय कमी आहे? हॉकर सेंटरचा फायदा हाच की दोघी वेगवेगळ्या स्टॉलवरून आणून एकाच टेबलावर खाऊ शकता, भांडण नाही.

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत मात्र काही खायचं प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. आणि च्युइंगम बॅगेत असेल तर इथेच काढून ठेव, १९९२ पासून तिथे आणायला बंदी आहे. सिम आणि इन्शुरन्सचं तुझ्या दादाने बघितलंय ना, मग झालं.

तुझी,
ताई