पान गांजासारखं, झाड अंबाडीचं

प्रश्न : परसात भाजीपुरती अंबाडी लावली आहे. झाडं कमरेच्या वर गेली तसं शेजारचे ‘ही गांजाची झाडं आहेत, उपटा’ म्हणू लागले. एकानं मोबाइलवर फोटोही जुळवून दाखवला. आता यांना काय दाखवू? – एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

फोटो जुळणारच. अंबाडीचं वरचं पान पाच-सात बोटांचं, दातेरी कडांचं असतं आणि लांबून ते थेट गांजासारखं दिसतं. म्हणून पानाचा नुसता आकार दाखवून हा वाद मिटणार नाही. शेजाऱ्यांना झाडाजवळ न्या आणि चार गोष्टी दाखवा.

पहिली, बोटं कुठे जुळतात ते. अंबाडीचं पान एकच असतं, त्याला खोल चिरा पडलेल्या असतात. बोटं खाली पानाच्या पात्यातच मिळतात. गांजात प्रत्येक बोट ही वेगळी पर्णिका असते आणि सगळ्या देठाच्या टोकावर एका बिंदूत येतात. दुसरी, झाडाच्या बुडाकडची पानं. अंबाडीची खालची पानं बहुधा बिनचिरांची, बदामी आकाराची असतात. पानं एकाआड एक लागतात. गांजाच्या खालच्या भागात ती समोरासमोर जोडीनं येतात आणि शेंड्याकडे, फुलोऱ्याच्या सुमारास, एकाआड एक होतात. तिसरी खूण बारीक आहे, पण पक्की. अंबाडीचं पान उलटं करा. मधल्या शिरेवर, देठाच्या जवळ, एक छोटी ग्रंथी दिसेल. भिंग असेल तर उत्तम. गांजाच्या पानावर अशी ग्रंथी नसते. चौथी खूण जिभेची. अंबाडीचं पान आंबट लागतं. ही चव मात्र पहिल्या तीन खुणा पटल्यावरच घ्यायची. अनोळखी झाडाचं पान चघळून ओळख पटवायला जाऊ नये.

सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर प्रश्नच उरत नाही. दिवस लहान होऊ लागले की अंबाडीला जास्वंदीच्या घराण्यातलं मोठं, फिकट पिवळं, आत गडद किरमिजी डोळा असलेलं फूल येतं. गांजाला पाकळ्यांचं फूल येतच नाही. पण भाजी हवी असेल तर फुलाची वाट पाहू नका. कोवळे शेंडे खुडत राहा, फुटवे वाढतात. फुलावर आलेल्या झाडाची पानं चिवट होतात, मग ती कण्यांत शिजवली तरी लसणाची फोडणी वाया जाते.

ओढ्याकाठच्या निर्गुडीवरूनही असाच संशय घेतला जातो. ती लाकडी झुडूप असते, कोवळी फांदी चौकोनी, पान तीन किंवा पाच पर्णिकांचं, खालून पांढुरकं आणि फुलं निळसर जांभळी. पिवळी तिळवण चिकट असते, वासही उग्र. पण तिच्या पर्णिकांना दाते नसतात आणि फुलानंतर लांब बारीक शेंग लागते.

प्रश्न : वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात भांगेचं पान ‘हस्ताकृती संयुक्त’ असं शिकलो. पण बदकाच्या पायासारखी किंवा नेच्यासारखी पानं असलेले वाणही असतात, असं वाचलं. ते खरे की फोटोतली करामत? आणि असं झाड कुंडीत अभ्यासापुरतं लावता येईल का? – एक विद्यार्थी, सोलापूर

खरे आहेत. ‘डक्सफूट’ नावाच्या वाणात पर्णिका सुट्या होत नाहीत, पडद्यानं जोडलेल्या राहतात. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे साध्या झाडाशी संकर केला की पहिल्या पिढीत सगळी पानं नेहमीसारखी येतात. त्या पिढीचा आपसात संकर केल्यावर दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक झाड जोडपानी निघतं. हौशी लोक पहिल्याच पिढीला ‘वाण बिघडला’ म्हणून फेकतात, ते यामुळेच. ‘फ्रीकशो’ या वाणाच्या पर्णिका पुन्हापुन्हा चिरलेल्या, नेच्यासारख्या असतात. ऑस्ट्रेलियातल्या एका वाणाची पानं लहान, गुळगुळीत, चकचकीत असतात. रानात दिसलं तर कुणी भांग म्हणणार नाही.

वाढीची तऱ्हाही बदलते. रशियातल्या बुटक्या, कमी फांद्यांच्या रानभांगेला यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये ‘रुडेरॅलिस’ हे नाव दिलं. नेहमीची भांग रात्र लांबली की फुलते. ही वयावर फुलते, दिवस कितीही मोठा असो. काही रोपांत एका पेरावर दोनाऐवजी तीन पानं येतात. हा वाण नव्हे, शेंड्याच्या वाढबिंदूची लहर. असं रोप पुढे बहुतेकदा आपोआप नेहमीच्या मांडणीवर येतं आणि त्याच्या बियांतून हा गुण उतरेलच असं नाही. शेंडा पट्टीसारखा रुंद होणं हीही वाढबिंदूचीच गोष्ट: टोकाचा बिंदू रेषेत पसरतो. पण कोंबड्याच्या फुलात, म्हणजे सेलोशियात, हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेला आहे. अभ्यासाला तोच घ्या, रोपवाटिकेत सहज मिळतो.

कारण कुंडीचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कुंडी एकच होती, पान बदकाच्या पायासारखं होतं, अभ्यासाला लावलं होतं, यातली एकही सबब चालत नाही. पानाच्या आकाराचा आणि नशेच्या द्रव्याचा संबंधही नाही. धाग्याची भांग आणि गांजा डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत. त्याला प्रयोगशाळाच लागते. आणखी एक: आपल्या जमिनीत कुणी बेकायदा लागवड केलेली दिसली तर पोलिसांना लगेच कळवणं हे त्याच कायद्यानं जमीनधारकाचं कर्तव्य आहे. गुपचूप उपटून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही.

प्रश्न : बियाण्याच्या पिशवीवर ‘सनहेम्प’ छापलंय. हेम्प म्हणजे भांग ना? मग याला परवाना लागतो का? – एक शेतकरी, मोहोळ

नाही. तो आपला ताग, म्हणजे बोरू. पान साधं, लांबट, बिनदात्यांचं. फूल हरभऱ्याच्या घराण्यातलं, पिवळं. हिरवळीच्या खतासाठी एकरी २० ते २५ किलो बी पेरा आणि ४५ ते ५० दिवसांनी, पहिली फुलं दिसताच गाडा. उशीर झाला की खोडात धागा धरतो आणि ते कुजत नाही. गाडताना जमिनीत ओल हवी. आपल्याकडच्या उघडिपीत कोरड्यात गाडलेला ताग पुढच्या पिकाच्या पेरणीतही तसाच वर येतो. बी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, ते विषारी असतं.

प्रश्न : तिळाच्या काही झाडांना फुलांऐवजी हिरव्या पानांचे गुच्छ आले आहेत. नवा वाण निघाला असेल तर बी राखून ठेवू का? – एक वाचक, अक्कलकोट

राखायला बीच मिळणार नाही. हा पर्णगुच्छ रोग आहे. फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत शिरतो आणि फुलाचे भाग पानांसारखे वाढू लागतात. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. गुच्छ आलेलं झाड बरं होत नाही, म्हणून दिसताक्षणी मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करा आणि बांधावरचं तण काढा. उरलेल्या झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून मिसळा आणि पाणी घालून एकूण १०० लिटर करा. फवारणी संध्याकाळी घ्या, उन्हात अर्काचा जोर लवकर उतरतो. नीट गाळला नाही तर पंपाचं नोझल हमखास तुंबतं.