पहिला लाइव्ह पॅच काढला, तर दुसऱ्याचं काय?

प्रश्न : आमचा कारखाना अंबड एमआयडीसीत, तीन पाळ्यांत चालतो. लिनक्स सर्व्हर रीबूट करायला वेळच मिळत नाही, म्हणून कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, दोन लाइव्ह पॅच (रीबूट न करता चालू कर्नलवरच लागणाऱ्या दुरुस्त्या) चढवलेत. आता पहिला काढला तर चालेल का? चुकत असेल तर कर्नल अडवेलच ना?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही अडवणार. पूर्वी शेवटी लावलेलाच पॅच आधी काढावा लागे. मधल्याला हात लावला की ‘बिझी’ एरर यायची. कर्नल ५.१ (२०१९) पासून ते बंधन उठलं. आता परिणाम ज्याचे त्याने निस्तरायचे.

गोम अशी, की कर्नल दोन पॅच एकमेकांत मिसळत नाही. लाइव्ह पॅच अख्खं फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) बदलतो: कर्नलमधली एफट्रेस ही यंत्रणा जुन्या फंक्शनच्या तोंडाशीच कॉल नव्याकडे वळवते. एकाच फंक्शनवर दोन पॅच असले, तर शेवटी आलेल्याचंच चालतं. दुसरा पॅच बांधताना पहिल्याची दुरुस्ती घेतली नसेल, तर त्या फंक्शनपुरती ती गेलीच. एरर नाही, काही नाही; पॅच चालू की बंद हे सांगणाऱ्या ‘एनेबल्ड’ फाइलीत दोन्हींसाठी १ च दिसतो.

काढतानाचा घोळ याहून वाईट. समजा, पहिल्या पॅचने ‘क’ फंक्शनमध्ये लॉक (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप) घ्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्यातलं ‘ख’ त्या लॉकच्या भरवशावर डेटा बदलतं. पहिला काढला की ‘क’ मूळ रूपात येतं, लॉक जातं, ‘ख’ला पत्ताच नसतो. मग बिघाड भलत्याच ठिकाणी उमटतो.

म्हणून एकमेकांवर अवलंबून असलेले पॅच सुटे ठेवूच नयेत. मागच्या सगळ्या दुरुस्त्या पोटात घेणारा एकच क्युम्युलेटिव्ह पॅच, ‘रिप्लेस’ (जुन्यांची जागा घेण्याचा पर्याय) ट्रू ठेवून, बांधून घ्यावा. तो पूर्ण लागू झाला की जुने बाद होतात. तुमचा दुसरा तसाच आहे का, हे ओळखणं सोपं आहे: सिसएफएस (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारं /sys) मधल्या कर्नल/लाइव्हपॅचमधून पहिल्याचं फोल्डर आपोआप गेलं असेल, तर तो क्युम्युलेटिव्ह, पहिल्याचं मॉड्यूल (पॅच ज्या रूपात कर्नलमध्ये चढतो ते) आरएमएमॉड कमांडने खुशाल काढा. फोल्डर अजून असेल, तर पहिल्याला हात लावू नका.

पॅच बांधणाऱ्याला एवढं विचाराच: बदलल्या जाणाऱ्या पॅचचे कॉलबॅक (पॅच लागताना-निघताना चालणारा त्याचा खास कोड) चालत नाहीत, फक्त नव्याचे चालतात. जुन्याने शॅडो व्हेरिएबल (कर्नलच्या डेटाला बाहेरून जोडलेली जादा माहिती) ठेवली असतील, तर ती नव्याने सांभाळायची. कर्नल ५.५ पासून यासाठी स्टेटचा, म्हणजे पॅचने केलेल्या अशा बदलाचा, आयडी आणि व्हर्जन नोंदवता येतं. ते जुळलं नाही तर पॅच लोडच होत नाही, आणि ते बरंच. शिवाय क्युम्युलेटिव्ह पॅच बंद केला, तर मागचा पॅच परत येत नाही. थेट मूळ कर्नल उघडा पडतो.

प्रश्न : लाइव्ह पॅच चढवला, पण ‘ट्रान्झिशन’ (प्रोसेस जुन्या कोडवरून नव्यावर जाणं चालू आहे का, ते दाखवणारी फाइल) १ वरच अडकलंय. फोर्स, म्हणजे जबरदस्तीने पूर्ण, करू का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : घाई नको. प्रोक (/proc) फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, ‘पॅच_स्टेट’ फाइल बघा. पॅच चढताना जिथे ० दिसेल, ती प्रोसेस अजून जुन्याच कोडवर आहे. ती सुरक्षितपणे रीस्टार्ट करता आली तर करा. नाहीतर ‘एनेबल्ड’मध्ये ० लिहून पॅच मागे घ्या. ट्रान्झिशन संपेपर्यंत दुसरा पॅच चढणार नाही. फोर्स केलं, तर ते मॉड्यूल रीबूटशिवाय निघत नाही.