‘आवेशित कण’ आणि ‘खेचले जातात’

एका भाषांतरकार बाईंनी ध्रुवीय प्रकाशावरच्या, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडावरच्या, लेखाचे मराठी करताना लिहिलेले वाक्य चर्चेसाठी पाठवले आहे: ‘सूर्याकडून येणारे आवेशित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात आणि ध्रुवांकडे खेचले जातात.’ संपादकांनी ‘आवेशित’ आणि ‘क्षेत्र’ या दोन शब्दांखाली रेघ ओढली. इंग्रजीतल्या विजेच्या ‘चार्ज’साठी जुन्या संदर्भग्रंथांत ‘विद्युत् भार’ आढळतो, मुलीच्या शाळेच्या पुस्तकात ‘प्रभार’ आहे, तर यांतले योग्य काय, आणि ‘क्षेत्र’ म्हणजे प्रदेश असताना तो शब्द भौतिकीतल्या राशीला कसा लावायचा, असा बाईंचा प्रश्न आहे. दोन्ही नामांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु माझ्या मते या वाक्यातला खरा दोष नामांत नसून शेवटच्या क्रियापदात आहे, आणि त्याखाली मात्र रेघ नाही.

‘आवेश’ हा हिंदी पाठ्यपुस्तकांचा रूढ पारिभाषिक शब्द आहे आणि तो निरर्थक मुळीच नाही. संस्कृतात ‘आ’ आणि ‘विश्’ मिळून आत शिरणे असा अर्थ होतो. भूतपिशाच्च किंवा देव अंगात शिरणे, हाही आवेशच. केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलले की कंगव्याच्या ‘अंगात वीज आली’ असे आपण थट्टेने म्हणू शकतो, आणि ती थट्टा मूळ शब्दार्थाला धरूनच होईल. मराठीत मात्र आवेश उरला तो भाषणातला आणि भांडणातला. ‘आवेशित कण’ वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बाह्या सरसावलेला कण उभा राहतो. हिंदीत चालणाऱ्या शब्दाला मराठीत दुसरा संसार असेल, तर तो जसाच्या तसा आणू नये, एवढेच संपादकांचे म्हणणे असावे आणि ते रास्त आहे.

‘भार’ या शब्दाचा प्रवास अधिक रंजक आहे. इंग्रजीतला ‘चार्ज’ हा शब्द मुळात गाडी लादणे या अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन क्रियापदापासून आला आहे. त्यावरून बंदुकीत दारू भरणे, मग कोणावर जबाबदारी टाकणे, मग वस्तूवर वीज साठणे, असे अर्थ पसरत गेले. तेव्हा ज्यांनी ‘विद्युत् भार’ हा प्रतिशब्द योजला, त्यांनी मूळ कल्पनेचे, म्हणजे लादलेल्या ओझ्याचे, नेमके मराठी केले होते. अडचण अशी की ‘भार’ हा शब्द मराठीत रिकामा बसलेला नव्हता. ‘अणुभार’ या शब्दात तो वजनाच्या अर्थाने आहे. ‘भारनियमन’ हा शब्द तर महाराष्ट्रातल्या लहान मुलांनाही अंधारात बसून पाठ झालेला आहे, आणि तिथे भार म्हणजे विजेची मागणी. घरी येणारे महावितरणचे बिल जवळून पाहावे: ‘मंजूर भार’ असे लिहून पुढे किलोवॅटमध्ये आकडा असतो, आणि त्याच कागदावर इंग्रजी ‘चार्ज’साठी ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ असे शब्द असतात. म्हणजे खुद्द विजेच्या बिलावर भार हा ‘चार्ज’ नाही, आणि जो ‘चार्ज’ आहे तो भार नाही.

हा घोटाळा केवळ सौंदर्यदृष्टीचा असता, तर मी जुन्या शब्दाच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण पुढील वाक्य पाहा: ‘प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १,८३६ पट जड असला तरी दोघांवरील भार सारख्याच परिमाणाचा असतो.’ भौतिकीच्या दृष्टीने ते अचूक आहे, मराठी म्हणून वाचले तर कोडे. चुंबकीय क्षेत्रातला कण किती वळेल हे ठरवताना वस्तुमान आणि प्रभार या दोन्ही राशी एकाच वाक्यात येतात, आणि तिथे एकीला ‘भार’ म्हटले तर वाचक दुसरीच उचलतो. त्यामुळे पाठ्यपुस्तकांनी ‘प्र’ हा उपसर्ग लावून ‘प्रभार’ वेगळा काढला हे मला पटते. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ आणि ‘अतिरिक्त प्रभार’ ही कार्यालयीन मंडळी आड येतात खरी, पण त्यांची गाठ अणूंशी सहसा पडत नाही. पहिल्या उल्लेखात ‘विद्युतप्रभारित कण’ आणि पुढे नुसते ‘प्रभारित कण’ लिहावे. ‘विद्युत्’चा पाय मोडण्याची गरज नाही, मराठीत रूढ झालेले असे व्यंजनान्त तत्सम शब्द अकारान्त लिहिण्याचा नियम आहे. मोबाइल मात्र खुशाल ‘चार्ज’ करावा, प्रभारित करू नये. चार्जर बॅटरीत एकूण प्रभार वाढवत नाही. तो आत रासायनिक बदल घडवून ऊर्जा साठवतो, म्हणून तिथे पारिभाषिक शब्द वापरला तर तो शुद्ध दिसेल आणि चुकीचा असेल.

‘धन’ आणि ‘ऋण’ यांच्याबद्दल थोडे विषयांतर करतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास विजेचे आधिक्य आणि उणीव यांना अधिक-उणे म्हणायला सुरुवात केली, तेव्हा हिशेबाच्या वहीतली जमा आणि नावे यांची कल्पना त्यांच्या भाषेत आली होती. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये अधिक आणि उणे संख्यांना धन आणि ऋण म्हणूनच त्यांच्या गुणाकाराचे नियम सांगितले होते, त्यामुळे मराठी प्रतिशब्द शोधायला कोणाला कष्ट पडले नाहीत. फ्रँकलिन यांनी कोणत्या बाजूला धन म्हणायचे हे निव्वळ अंदाजाने ठरवले, आणि दीडशे वर्षांनी सापडलेला इलेक्ट्रॉन नेमका ऋण बाजूचा निघाला. ‘ऋणभारित इलेक्ट्रॉन’ हा जुना प्रयोग वाचताना सावकाराच्या दारातला इलेक्ट्रॉन दिसतो, हेही ‘प्रभार’ निवडण्याचे एक हलके कारण.

‘क्षेत्र’ या शब्दाला मी हात लावणार नाही. मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये चुंबकाच्या संदर्भात ‘फील्ड’ हा शब्द वापरला, त्याचा साधा अर्थ शेत. आणि आपले ‘शेत’ हे संस्कृत ‘क्षेत्र’ याचेच प्राकृतातून झिजून आलेले रूप आहे. इतका तंतोतंत प्रतिशब्द परिभाषेत क्वचित मिळतो. सातबाऱ्यावरचे ‘क्षेत्र’ हेक्टर आणि आरमध्ये मोजतात, म्हणून तो शब्द केवळ विस्तार सांगतो असे वाटते. पण शेतकऱ्याला विस्ताराइतकाच शेताचा उतारही ठाऊक असतो. पाणी सोडण्यापूर्वीही उतार तिथे असतोच, वावरातल्या प्रत्येक ठिकाणी त्याला कमी-अधिकपणा आणि दिशा असते, आणि पाणी सोडले की ते कुठे वळेल हे त्याच ठिकाणचा उतार ठरवतो. विद्युत क्षेत्र नेमके असे असते: कण तिथे असो वा नसो, जागेच्या प्रत्येक बिंदूला एक तीव्रता आणि एक दिशा असते. जेथे केवळ प्रदेश अभिप्रेत असेल, तेथे ‘प्रभावक्षेत्र’ म्हणावे. राशी अभिप्रेत असेल तेथे ‘क्षेत्राची तीव्रता’, ‘क्षेत्राची दिशा’ असे लिहिले की संशय उरत नाही.

आता क्रियापद. ‘चुंबक’ हा शब्दच चुंबन घेणाऱ्या लोखंडाच्या प्रेमातून आलेला असल्यामुळे चुंबक म्हटले की ‘खेचणे’ आपोआप तोंडात येते. टाचणीच्या बाबतीत ते खरे आहे, मोकळ्या प्रभारित कणाच्या बाबतीत नाही. विद्युत क्षेत्र कणाला खरोखर खेचते किंवा ढकलते: धन प्रभाराला क्षेत्राच्या दिशेने, ऋण प्रभाराला उलट दिशेने, मग तो कण स्थिर असो वा धावता. एकसमान विद्युत क्षेत्रात आडवा शिरलेला कण गच्चीवरून आडव्या भिरकावलेल्या खड्यासारखा वाकत जातो आणि त्याची ऊर्जाही बदलते. चुंबकीय क्षेत्र स्थिर कणाकडे ढुंकूनही पाहत नाही. धावत्या कणावर ते बल लावते, पण ते बल कणाच्या गतीलाही काटकोनात आणि क्षेत्राच्या दिशेलाही काटकोनात असते. राखणदाराची गोफण डोक्याभोवती एकसारखी फिरत असताना दोरी धोंड्याला सतत आतल्या बाजूला ओढते, तरी धोंडा हाताकडे येत नाही, गोल फिरतो; तसेच हे आहे.

इथे शालेय मराठीने एक उत्तम सोय करून ठेवली आहे. बोलण्यात आपण ‘वेग’ सर्रास वापरतो, रस्त्यावरच्या पाटीवरही ‘वेगमर्यादा’ असते. पण पुस्तकात ‘चाल’ म्हणजे नुसता अंतर कापण्याचा दर आणि ‘वेग’ म्हणजे दिशेसह चाल. त्यामुळे ‘चुंबकीय क्षेत्रात कणाचा वेग बदलतो, चाल बदलत नाही’ हे सारे भौतिक सत्य मराठीत आठ शब्दांत बसते. ‘चुंबकीय क्षेत्रामुळे कणांना प्रचंड गती मिळते’ असे जेव्हा जेव्हा छापून येते, तेव्हा गती देणारे विद्युत क्षेत्र बिचारे श्रेयाविना राहिलेले असते.

हा फरक मला लहानपणी घरातल्या काचेच्या नळीच्या रंगीत टीव्हीने शिकवला. मोडक्या स्पीकरचा चुंबक मी पडद्याजवळ नेला, तशी वृत्तनिवेदिकेचा चेहरा जांभळा होऊन एका बाजूला वाहू लागला, आणि चुंबक काढून घेतल्यावरही कोपऱ्यात हिरवट डाग राहिला. डागाबद्दल मिळालेल्या माराचा तपशील इथे नको. नळीच्या मागच्या टोकाला वीस-पंचवीस हजार व्होल्टचे विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनांना चाल देत होते, मानेवरची वेटोळी आपल्या चुंबकीय क्षेत्राने त्यांना ओळीओळीने वळवत होती, आणि माझ्या चुंबकाने त्या वळवण्यात खोडा घातला होता. चुंबकाकडे काहीही ‘खेचले’ गेले नव्हते. चित्र आडवे सरकले होते. जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये केंब्रिजला कॅथोड किरणांवर, म्हणजे निर्वात नळीतल्या ऋण टोकाकडून निघणाऱ्या किरणांवर, ही दोन्ही क्षेत्रे वापरूनच ते किरण ऋण कणांचे आहेत हे दाखवले.

मूळ वाक्यात खेचण्याची कल्पना दुप्पट चुकते. पृथ्वीच्या बलरेषेला, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषेला, तिरपा शिरलेला कण तिच्याभोवती फिरत फिरत पुढे सरकतो, म्हणजे त्याची वाट मळसूत्री होते. ‘नागमोडी’ किंवा ‘सर्पिल’ नव्हे, कारण स्क्रूच्या आट्यांना आपल्याकडे मळसूत्र हा अचूक शब्द आहे. ध्रुवांजवळ बलरेषा दाटत जातात, तिथे चुंबकीय क्षेत्र कणाला ओढून घेण्याऐवजी बहुधा परत फिरवते, आणि १९५८ मध्ये उलगडलेल्या, पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन पट्ट्यांतले कण याच कारणाने उत्तर-दक्षिण हेलपाटे घालत राहतात. त्या कणांपुरते ‘अडकतात’ हे बरोबर आहे. सूर्याकडून येणारे बहुतेक कण मात्र अडकत नाहीत, बगल देऊन निघून जातात. जे थोडे बलरेषांच्या वाटेने हवेत उतरतात, त्यांतल्या पुष्कळ इलेक्ट्रॉनांना शेवटच्या टप्प्यात ऊर्जा मिळते ती वातावरणाच्या वर असलेल्या विद्युत क्षेत्रांकडून. ते ऑक्सिजनवर आदळले की हिरवा किंवा लाल उजेड दिसतो. मे २०२४ मध्ये लडाखातल्या हानलेच्या आकाशात दिसलेला लाल रंग ऑक्सिजनचाच होता.

तेव्हा माझे वाक्य असे होईल: ‘सूर्याकडून येणारे बहुतेक प्रभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बाजूला वळतात, काही मात्र बलरेषांभोवती मळसूत्री वाटेने फिरत ध्रुवांजवळच्या वातावरणात उतरतात.’ ते मूळ वाक्याहून लांब झाले आहे, आणि जागा कमी असेल तर ‘मळसूत्री वाटेने’ काढले तरी चालेल. ‘उतरतात’ काढू नये.