१३! छापताना १९३२०५३५०४ का येतं?

सी च्या प्रोग्राममध्ये फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार, १३! म्हणजे १३ चा) लाँग लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या टाइपमध्ये ठेवलाय, १२ पर्यंत उत्तरं बरोबर येतात आणि १३ ला ६२२७०२०८०० ऐवजी १९३२०५३५०४ छापलं जातं, असं तुम्ही लिहिलंय. प्रिंटएफमध्ये, म्हणजे छापणाऱ्या फंक्शनमध्ये, %डी आहे. तुमचा गुणाकार बरोबर दिसतोय, घोळ त्या %डी चा आहे.

व्हेरिएबल कोणत्या टाइपचं आहे हे प्रिंटएफला कळतच नाही. त्याच्यापर्यंत नुसते बिट पोचतात, ते कसे वाचायचे हे तो तुमच्या फॉरमॅट स्ट्रिंगवरून (%डी वगैरे लिहिलेल्या मजकुरावरून) ठरवतो. %डी दिसला की इंट, म्हणजे साधा पूर्णांक, समजून ३२ बिट उचलतो, वरचे राहून जातात. ६२२७०२०८०० मधून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, वजा करून बघा. तुमचाच आकडा येईल! १२! म्हणजे ४७९००१६००, तो ३२ बिटांत मावतो, म्हणून तोवर चूक लपून राहिली. %डी च्या जागी %एलएलडी लिहा.

पण फंक्शनचा रिटर्न टाइप चुकून इंट राहिला असेल तरी बहुतेक मशीनवर हाच आकडा येतो. %एलएलडी लावूनही तो हटला नाही, तर तिकडे बघा. २०! पर्यंत निभेल, २१! लाँग लाँगमध्येही मावत नाही.

दशांशाचं वेगळं आहे, आणि खरी गफलत इथेच होते. फ्लोट आणि डबल हे दशांशाचे दोन टाइप, डबल मोठा. प्रिंटएफला दिलेला फ्लोट आपोआप डबल होऊन जातो, म्हणून छापताना दोघांनाही %एफ चालतो. आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफला मात्र आपण व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता देतो. तिथे फ्लोटला %एफ आणि डबलला %एलएफ लागतोच, नाहीतर डबलच्या ८ बाइटपैकी ४ च भरले जातात. मी एकदा हीच चूक करून अख्खी संध्याकाळ प्रिंटएफच्या ओळी तपासत बसलो होतो.

बाकी अनसाइन्ड (ऋण नसलेल्या) इंटला %यू, किती बाइट लागतात हे सांगणाऱ्या साइझऑफच्या उत्तराला %झेडयू.

जीसीसी हा कंपाइलर वापरत असाल तर कंपाइल करताना -डब्ल्यूऑल (इशारे दाखवणारा पर्याय) जरूर लावा. %डी ला इंट हवा होता, तुम्ही लाँग लाँग दिलाय, असं तो ओळ क्रमांकासकट सांगतो. फक्त फॉरमॅट स्ट्रिंग थेट प्रिंटएफच्या कंसात लिहा. ती प्रोग्राम चालताना तयार होत असेल तर कंपाइलरला ही तपासणी करता येत नाही.