नीलला जायचं तर आधी बोट बघा, मग हॉटेल

प्रश्न : आम्ही नाशिकचे. फेब्रुवारीत पहिल्यांदाच अंदमानला जायचं ठरतंय, मी, मिस्टर, सात वर्षांचा मुलगा आणि सासूसासरे, दोघंही सत्तरीच्या आसपास. एजंटने पाच रात्रींचं पॅकेज दिलंय, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) २, हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) २, नील (आता शहीद द्वीप) १. मला खरं तर नीललाच जास्त राहायचंय, छोटं आणि शांत बेट आहे असं ऐकलंय. पण घरात सगळे म्हणतात तिथे काय एवढं, अर्ध्या दिवसात बघून होतं. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या मनात आलंय तेच करा. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला स्कूटरवर अर्धा तासही लागत नाही, तेवढं घरच्यांचं बरोबर आहे. पण तिथल्या गोष्टी तुम्ही पोचलात म्हणून लगेच बघायला मिळत नाहीत, त्या भरती-ओहोटीवर चालतात. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बीचवर दगडाचा नैसर्गिक पूल आहे, लोकल लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात, तिथे ओहोटीलाच जायचं, खडकांतल्या डबक्यांमध्ये छोटे रंगीत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात आणि तुमचा मुलगा तासभर तिथून हलणार नाही (फक्त बघायचं, उचलायचं काही नाही, हे आधीच सांगून ठेवा). भरतपूरला बरोबर उलटं. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की काचेच्या तळाची बोट आणि स्नॉर्कलिंगला भरतीच लागते. दोन्हींत साधारण सहा तासांचं अंतर असतं, आणि तिथे अंधारही लवकर पडतो, म्हणजे दुपारी उतरलात आणि दुसऱ्या सकाळी परत निघालात तर यातलं एक बहुतेक हुकणारच. एका रात्रीच्या पॅकेजवाले लोक परत येऊन "नीलला काही नाही" म्हणतात ते यामुळे, मला तर त्याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा तारखा पक्क्या करायच्या आधी नेटवर पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता, बघा. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब तिथे जसाच्या तसा लागू नाही. वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त मागे जातं, पुलासाठी ते दिवस चांगले.

माझं मत विचाराल तर पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग तीन रात्री नील, शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. हॅवलॉक सोडा. राधानगर बीच हुकेल आणि तो खरंच देखणा आहे, पण वयस्कर माणसं आणि लहान मूल घेऊन दर दीड दिवसाने बॅगा भरून जेटीवर रांगेत उभं राहायचं यात पहिल्या ट्रिपची सगळी मजा जाते. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल करा. सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं इथे होते, सासूसासऱ्यांना ती कोठडी बघायचीच असणार, त्यामुळे तिथे घाई करू नका, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शोही बघा.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा असं सांगतेय त्याला कारण आहे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, सरकारी असो की प्रायव्हेट, आणि नीलवरून परत यायला तुमच्याकडे दुसरा रस्ता नाही. दुपारच्या विमानासाठी सकाळची बोट घेणं म्हणजे पाच तिकिटं पणाला लावणं. म्हणूनच आधी विमान, मग दोन्हीकडच्या बोटी, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी, हॉटेलं बदलता येतात, बोटीतली पाच सीट्स ऐनवेळी मिळत नाहीत. प्रायव्हेट बोटी एसी असतात, तास-दीड तासात पोचतात, पण त्या बंद असतात म्हणून काहींना आत जास्त मळमळतं. सरकारी बोट स्वस्त आणि हळू, पण बाहेर वाऱ्यावर उभं राहता येतं. बोट लागण्यावरची गोळी चढायच्या आधी अर्धा तास घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही, आणि मुलाचा डोस डॉक्टरांना विचारून घ्या. ओरिजिनल ओळखपत्रं बॅगेत खाली नको, हाताशी ठेवा.

अजून एक, घड्याळ. तिथे वेळ आपलीच पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. नाशिकच्या सवयीने नऊला उठून दहाला नाश्ता केलात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. पाचला उठा, सीतापूरला सूर्योदय बघा, दुपारी अकरा ते तीन सगळ्यांनी झोपा, आणि संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या पहिल्या बीचवर सूर्यास्त. (हो, राम, सीता, लक्ष्मण, भरत सगळ्यांच्या नावाची गावं आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने इथे वसवलं, भातशेती आणि भाजीपाला त्यांनीच उभा केला, आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते.) पुलाकडची वाट शेवाळलेल्या खडकांवरून आहे, आजीआजोबांना आग्रह करू नका, अलीकडे सावलीत नारळपाणी पीत बसू दे. बाकीच्यांनी जाड तळाचे, पट्ट्याचे सँडल घाला.

स्कूबासाठी मुलगा लहान आहे, साधारण दहा वर्षांनंतरच घेतात. मिस्टर करणार असतील तर नीलच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकू दे, डाइव्हनंतर निदान १८ तास तरी विमानात बसायचं नाही. आणि शंख, प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून आणू नका, मेलेला असला तरी नाही. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि एअरपोर्टवर सामान तपासतात.

प्रश्न : जुलैमध्ये तिकीट आणि रूम दोन्ही स्वस्त दिसतायत. आम्ही चार मित्र, इचलकरंजीहून. नील जमेल का?

उत्तर : दादा, पोचाल, पण ज्यासाठी जाताय ते मिळेलच असं नाही. मे ते सप्टेंबर तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, पाणी गढूळ होतं, स्नॉर्कलिंग आणि बोटी कधीही बंद, आणि वाचवलेले पैसे रूमवर बसून संपतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरलाही भुलू नका, परतीचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचेही तेच दिवस. डिसेंबरच्या शेवटी गर्दी आणि भाव दोन्ही चढे. तुम्हाला नोकरीतून सुट्टी कधी मिळते त्यावर आहे, पण फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र बराच शांत असतो, मार्चमध्ये परीक्षांमुळे फॅमिली गर्दीही कमी, मी तुमच्या जागी असते तर मार्च धरला असता.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, पुण्याचे. नीलवर जेवणाचे हाल होतील का? आणि फोनवरून पेमेंट चालतं का?

उत्तर : हाल नाही होणार. घरोघरी माशाचा रस्सा शिजत असला तरी भाजी तिथल्याच शेतातली, त्यामुळे वरण, भात, भाजी, पोळी सगळीकडे मिळते. फक्त सकाळीच सांगून ठेवा, छोट्या खाणावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो, आणि तेल-भांडी वेगळी हवी असतील तर तेही तेव्हाच बोला. पाण्याची बाटली घरून न्या, गोडं पाणी बेटावर मर्यादित आहे, अंघोळीलाही बादलीभरच वापरा. फोनचं म्हणाल तर २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेट बरंच सुधारलंय, पण रेंज गेली की पेमेंट अडकतं, आणि नारळवाल्यापासून स्कूटरवाल्यापर्यंत सगळ्यांना तेव्हा रोखच लागते. बेटावरच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका, लागतील तेवढे पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, त्यात शंभराच्या नोटा जास्त.