विमानाच्या गोलसर पोटाखाली सपाट तळाची अँटेना कशी बसवावी?

तुमचा प्रश्न असा, की स्क्रू आवळले की पत्रा आत ओढला जातो. मग तसेच आवळू नका, आधी मधली पोकळी भरा! पत्र्याला खळगा पडेल, नाहीतर अँटेनाचा तळ तडकेल.

पत्र्यावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून चिकटवा, वर घट्ट कालवलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) ठेवा आणि अँटेना सरळ धरून हलकेच दाबा. सुकल्यावर गोलाईची नेमकी बैठक मिळते. कडा घासून घ्या.

आता खरी मेख. इपॉक्सीतून वीज जात नाही आणि व्हीएचएफ (विमानाच्या रेडिओ-संभाषणाच्या) अँटेनाला पत्र्याची जमीन, म्हणजे तळाशी विजेने जोडलेला धातूचा पृष्ठभाग, लागतेच. ती स्क्रूंमधून द्यावी लागते. म्हणून आतून पत्र्याइतक्याच जाडीची जोडपट्टी (पत्र्याला बळकटी देणारा धातूचा तुकडा) लावा, गोलाईला वळवून. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोलवर हे काम सहज होईल. भोकांभोवतीचा रंग आतून खरवडून धातू उघडा करा. मल्टिमीटरवर तळ ते पत्रा रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सांगाडा फायबरचा असेल तर आतून तांब्याच्या पट्ट्या चहूबाजूंना पसरा, प्रत्येकी सुमारे 60 सेंमी, म्हणजे पाव तरंगलांबी.

शेवटी कडेला सीलंट. बेळगावचा पाऊस फटीत शिरला की गंज आलाच.